फोटोतली गाडी कोणती, साल कुठलं? जुने फोटो, जुन्या गाड्या आणि आपलं लहानपण

अनुजा_शनिवार
आमच्या आजीचं माहेर सांगलीचं. तिथलं घर पाडून नवं बांधायचंय, म्हणून माळा रिकामा करायला आम्ही सगळी भावंडं जमलो होतो. एका ट्रंकेत पत्रांच्या गठ्ठ्यात हा फोटो सापडला, खाली जोडलाय. चौकोनी आहे, जेमतेम सव्वादोन इंचाचा, कडा नक्षीदार कातरलेल्या. पुण्यातल्या शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा, त्याच्यासमोर एक गोलमटोल गाडी, आणि बॉनेटवर बसवलेलं चार-एक वर्षांचं पोर म्हणजे माझे बाबा. गाडीचं पुढचं दार उघडं आहे आणि दाराला धरून एक बाई उभ्या आहेत, बहुतेक आजी. चेहरा हलल्यामुळे पुसट आलाय.

मागे पेन्सिलीनं 'चि. बाळ' एवढंच लिहिलंय. तारीख नाही. बाबा आता नाहीत, आजी तर कधीच गेली. आमच्या घरी त्या काळी गाडी नव्हती, आजोबांची सायकल होती.

गाडी कोणती आहे, आणि फोटो साधारण कुठल्या सालचा असेल, कुणी सांगू शकेल का? आणि तुमच्याकडे असे गाडीसोबतचे जुने फोटो असतील तर इथे जरूर टाका. मला बघायला फार आवडतील.

चाकोरी
डुक्कर फियाट. डोळे झाकून.

हर्षल_के
मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं आणि वाटलं चाकोरी फियाटवर चिडलेत :)

टाकीफुल्ल
हर्षल, ते लाडाचं नाव आहे. पुढून बघ, नाक आणि फुगलेले गाल दिसतील, म्हणजे कळेल.

अनुजा, चाकोरी बरोबर सांगतायत. फियाट ११००, इटलीत मिलेचेंतो म्हणायचे ते मॉडेल. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये तयार व्हायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली ही कंपनी. हे गोल मॉडेल १९५४ पासूनचं. तुमच्या फोटोतलं उघडं दार हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. बिजागरी मागच्या बाजूला आहे, म्हणजे दार उलटं उघडतं. १९६४ मध्ये डिलाइट आली तिची दारं सरळ उघडतात. त्याच डिलाइटचं १९७४ मध्ये नाव झालं पद्मिनी. पद्मिनी सगळ्यांनी पाहिलेली असते, डुक्कर फियाट आता फक्त रॅलीत दिसते.

तेव्हा निदान एवढं नक्की की गाडी १९५४ ते १९६४ मधली आहे. फोटो अर्थात त्यानंतरचाही असू शकतो.

नवीपेठ_नंदू
मला मॉरिस मायनर वाटतेय. आमच्या गल्लीत एका वकिलांकडे होती, अशीच गोल.

टाकीफुल्ल
नंदूशेठ, मायनरची पुढची दारं सरळ उघडायची. इथे आजी ज्या बाजूला उभ्या आहेत ती बाजू पाहा. फियाटच.

मुळामुठा
फोटो मोठा करून पाहिला. पाटीचा डावा कोपरा बाबांच्या पायामागून दिसतो. पहिलं अक्षर 'बी' आहे. मुंबई राज्य होतं तेव्हाचे नंबर 'बी'पासून सुरू व्हायचे, महाराष्ट्र झाल्यावर 'एम'पासून. म्हणजे गाडीची नोंदणी साधारण १९६० च्या आधीची. एमएच-१२ तर फार नंतर, १९८९ ला आलं.

सुलभा_कर्वेरोड
किती गोड फोटो! आमची फियाट डिलाइट होती, पांढरी, आणि बाबांच्या ऑफिसातल्या काकांकडून जुनी घेतलेली. गिअर स्टेअरिंगला आणि पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे आई-बाबा आणि मध्ये मी. मागे आजी, आत्या, तिची तिघं आणि पायाशी फिरकीचा तांब्या. मुंबईला मामाकडे जायचं म्हणजे पहाटे चारला उठायचं, कारण ऊन चढायच्या आत घाट उतरायचा आणि परतीला ऊन उतरल्यावर घाट चढायचा, असा बाबांचा नियम होता.

तरी परत येताना खोपोली सोडली की गाडी धापा टाकायचीच. अमृतांजन पुलाच्या अलीकडे कुठेतरी बंद. बाबा बॉनेट उघडायचे आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं घालायचे. मग आम्ही पोरं दरीच्या कठड्याशी आणि आजी गाडीतच जपमाळ घेऊन. अर्ध्या तासानं गाडी मुकाट्यानं सुरू व्हायची. मला लहानपणी खात्री होती की ती आजीच्या जपानं सुरू होते.

तो पूल २०२० मध्ये पाडला तेव्हा मी टीव्हीसमोर बसून रडले. घरचे म्हणाले, पूलच तर आहे. आमचे घाटातले सगळे फोटो त्या पुलाखालचे आहेत हो.

टाकीफुल्ल
सुलभाताई, ओल्या फडक्याचं कारण सांगतो, नव्या मंडळींना गंमत वाटेल. त्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असायचा. घाटात इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. मग कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही आणि गाडी बंद. फडक्यानं पंप गार झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल. आजींचा जप होताच, पण फडकंही लागायचं :)

प्रभातरोडी
फियाटवरून आठवलं. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ ची फियाट घेतली होती, १२,००० रुपयांना. ५,००० कमी पडले ते पंजाब नॅशनल बँकेतून कर्ज काढून. ते गेल्यावर ललिताबाईंनी पेन्शनमधून ते फेडलं. गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात जपून ठेवलीय. माझ्या वडिलांनी ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगितली की ती आमच्याच घरातली वाटते.

जुनी_विहीर
सगळे फियाटचे फोटो टाकतायत, छान आहेत. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. आम्ही भवानी पेठेत राहायचो. आमच्या अख्ख्या वस्तीत एकाकडेही गाडी नव्हती. माझा गाडीतला पहिला फोटो आहे तो जत्रेतला. पुठ्ठ्यावर रंगवलेली लाल मोटार, मागे रंगवलेला पूल आणि झाडं, खिडकीच्या भोकातून मी आणि माझा धाकटा भाऊ डोकावतोय. भावाच्या डोळ्यांवर फोटोवाल्याचा काळा गॉगल. तो गॉगल दोन मिनिटांसाठी मिळायचा आणि मग रांगेतल्या पुढच्या पोराला.

'ते दिवस किती छान होते' असं सगळ्यांनी म्हणावं असे ते दिवस नव्हते. आमचे वडील भर पावसात हातगाडी ओढायचे. गाडी म्हणजे आमच्यासाठी बाजूला सरकायचं कारण. हे कडवटपणे सांगत नाहीये. त्या पुठ्ठ्याच्या मोटारीचा फोटोही या धाग्यात बसायला हवा, म्हणून टाकतोय.

अनुजा_शनिवार
जुनी_विहीर, फोटो टाकलात म्हणून खूप खूप आभार. तुमच्या भावाचा गॉगलमधला ऐटीतला चेहरा मी सगळ्यांना दाखवला. आणि खरं सांगायचं तर माझे बाबाही कुणाच्या तरी गाडीवर बसलेत. स्वतःच्या गाडीसोबत फोटो काढणारे तेव्हा किती असतील?

चाकोरी
अगदी अगदी. आमच्या अल्बमात चार गाड्या आहेत, एकही आमची नाही. एक लग्नातली सजवलेली, एक मामाच्या साहेबांची अँबॅसेडर, एक महाबळेश्वरला रस्त्याकडेला उभी होती ती. चौथी कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही. पण सगळे तिला टेकून असे उभे आहेत की आत्ता किल्ली काढतील.

आकुर्डी_फाटा
गाडी नाही, पण चेतक चालेल का? माझे वडील आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात होते. चेतक निघाली १९७२ ला. त्याआधी व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनायच्या, मग हे आपलं नाव आलं, राणा प्रतापांच्या घोड्याचं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. मुलगा जन्मला तेव्हा नंबर लावला आणि मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा स्कूटर आली, अशी उदाहरणं आमच्याच चाळीत होती. लग्नाच्या बोलण्यात 'मुलाचा चेतकला नंबर लागलाय' हे आवर्जून सांगायचे.

आमची आली त्या दिवशीचा फोटो टाकतो. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, काळी पाटी, त्यावर पांढरी अक्षरं. मी पुढे उभा, आई मागे एका बाजूला बसलेली, बहीण दोघांच्या मधे. हेल्मेट कुणालाच नाही. सकाळी सुरू झाली नाही की वडील तिला एका अंगावर तिरकी करायचे, मग सरळ करून किक. पहिल्या नाही तर तिसऱ्या किकला सुरू. तो आवाज आला की मी दप्तर उचलायचो.

रोहिणी_सहकारनगर
आणि लूनाला विसरलात? माझ्या आईनं पुण्यात लूनावर नोकरी केली, दोन मुलांना शाळेत पोचवून. १९७२ चीच ती पण. ५० सीसी, पॅडल मारून सुरू करायची. चढ आला की पुन्हा पॅडल मारून तिला मदत करायची. आई साडीचा पदर कमरेला खोचून पर्वतीच्या पायथ्याचा चढ चढायची तो फोटो कुणी काढलाच नाही. म्हणून शब्दांत लिहितेय.

नंतर कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू, गिअर नाहीत. आई म्हणाली, "आता पुरुषांना किक मारायला बोलवायला नको." पुण्यातल्या बायकांना मोकळं केलं ते या दोन गाड्यांनी. चेतक बापाची, लूना आईची, हे माझं ठाम मत आहे.

आकुर्डी_फाटा
रोहिणीताई, मान्य. फक्त चढ चेतकच चढायची :)

रोहिणी_सहकारनगर
चढाचं काय, आई चढायची.

सायकलस्वार
पुणं सायकलींचं गाव होतं हे गाड्यांच्या नादात सुटायला नको. हँडलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा, डबल सीट दिसली की पुन्हा धरायचा. लकडी पुलावर पोलीस उभा दिसला की मागचा उडी मारून उतरायचा आणि पूल संपला की पुन्हा बसायचा. डायनामो चाकाला टेकवला की सायकल जड व्हायची, म्हणून पोलीस दिसेपर्यंत टेकवायचा नाही.

जुन्या सायकली पाहायच्या असतील तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे, पोरांना घेऊन जा. माझे वडील तिथे एका सायकलीपाशी थांबले आणि हलेचनात.

हर्षल_के
अनुजाताई, मी तुमचा फोटो एका अ‍ॅपमध्ये टाकून रंगीत करून पाहिला. खाली देतोय. गाडी निळी आली, आजींची साडी हिरवी.

सुलभा_कर्वेरोड
सुंदर दिसतोय, पण हर्षल, साडी हिरवी होती हे अ‍ॅपला कुणी सांगितलं? मी माझ्या आजीचा असाच केला होता. तिची अंजिरी नऊवारी, जी अजून माझ्या कपाटात आहे, ती अ‍ॅपनं निळी केली. उद्या माझी नात म्हणेल, पणजीला निळा रंग आवडायचा. असे फोटो मूळ म्हणून फिरायला लागले की खरं काय ते कळणार नाही.

मुळामुठा
सुलभाताई, मला दुसरी बाजूही दिसते. माझे वडील नव्वदीत आहेत, दिसतं कमी. काळ्या-पांढऱ्या फोटोत त्यांना माणसं वेगळी ओळखू येत नव्हती. रंगीत केलेला टॅबवर मोठा करून दाखवला तर एकेक नाव सांगायला लागले, कोण कुणाचा मेहुणा ते सगळं. ती नावं आता आमच्याकडे लिहिलेली आहेत. रंग खोटा असेल, नावं खरी मिळाली.

सुलभा_कर्वेरोड
हे पटलं. मग मूळ स्कॅन वेगळा ठेवायचा आणि रंगीत केलेल्यावर 'रंग नंतर भरलेले' असं ठसठशीत लिहायचं. एवढं केलं तर माझं काही म्हणणं नाही.

ओंकारेश्वर_घाट
अनुजा, मी बरेच दिवस इथे फक्त वाचतो. तुझा दिंडीदरवाजा बघून लिहावंसं वाटलं. तुमचा वाडा नदीकडच्या बाजूला होता का? पानशेतच्या पुरात पडला का?

अनुजा_शनिवार
हो काका. पुरात पुढचा भाग पूर्ण बसला. नंतर आजोबा कोथरूडला आले.

ओंकारेश्वर_घाट
मग तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. १२ जुलै १९६१ ला तो दरवाजा गेला. फोटोत तो उभा आहे, म्हणजे फोटो त्याआधीचा.

मी तेव्हा शाळकरी होतो. सकाळी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला. आम्हाला वडिलांनी अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळवलं. लकडी पूल पाण्याखाली गेला होता. परत आलो तेव्हा घरात छातीएवढा चिखल. आईचे दागिने सापडले, तांब्याची भांडी सापडली. फोटोंची पेटीही सापडली, पण आत काळा लगदा होता. आईनं तो लगदा उन्हात वाळवला आणि एकेक पापुद्रा सोडवायचा प्रयत्न करत राहिली. काहीच निघालं नाही. माझ्या आई-वडिलांच्या लग्नाचा फोटो मी कधी पाहिलेला नाही. नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांत १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही, त्याचं कारण हे. बाहेरगावच्यांना याची कल्पना नसते.

चाकोरी
काका...

रोहिणी_सहकारनगर
काका, वाचून गलबललं. आमच्याकडेही नारायण पेठेतल्या आजोळचे फोटो नाहीत. आई नुसतं 'पुरात गेले' म्हणायची आणि विषय बदलायची.

मुळामुठा
थांबा. मग अनुजाचा फोटो वाचला कसा? तो पुण्यात नव्हताच म्हणून! आजीनं तो माहेरी पाठवला होता. लेकाचा फोटो निघाला की एक प्रत माहेरी, एक नणंदेला, एक मोठ्या दिराला, ही तेव्हाची पद्धतच होती.

काका, तुमच्या आईनंही पाठवले असतील. माहेर कुठलं त्यांचं?

ओंकारेश्वर_घाट
वाईचं. मामेभावाची मुलं आहेत तिथे. साठ वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. उद्याच फोन करतो.

पोस्टाची_पेटी
मुळामुठांनी फार मोलाचं सांगितलं. त्यावर माझी भर, तिकिटांचा नाद असल्यामुळे. अनुजा, ज्या गठ्ठ्यात फोटो होता त्यातली पाकिटं टाकली तर नाहीत ना? तिकीट बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि त्याच दिवशी भारताच्या नकाशाची नवी तिकिटं निघाली, त्यांवर किंमत 'नये पैसे' अशी. त्याआधीची तिकिटं आण्यांत. १९६४ ला 'नये' गळलं. आण्यांचं तिकीट असेल तर फोटो बहुतेक १९५७ च्या आधीचा, नकाशाचं असेल तर बहुतेक नंतरचा. शिक्का वाचता आला तर सोन्याहून पिवळं.

टाकीफुल्ल
वा! आम्ही दारं-बिजागऱ्या बघत बसलो आणि इथे तिकिटानं गाडी पकडली.

आणखी एक धागादोरा. फोटोचा आकार. १२० च्या फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघणारे कॅमेरे होते, निगेटिव्ह बरोबर सव्वादोन इंचाची. ती मोठी न करता तशीच कागदावर ठेवून छापायची, म्हणजे पैसे कमी. तुमचा फोटो तसाच आहे. पुढे घराघरात आला तो आगफा क्लिक थ्री, तोही याच मापाचा. एका रोलमध्ये बारा, त्यामुळे प्रत्येक फोटोला विचार. बारसं, मुंज, फुलराणी, सिंहगड, संपला रोल. फुलराणी म्हणजे पेशवे पार्कातली पोरांची छोटी आगगाडी, १९५६ ची. पुण्यातल्या प्रत्येक घरात तिच्यात बसलेल्या पोराचा एक फोटो सापडणारच.

नवीपेठ_नंदू
माझा आहे. मी रडतोय आणि मागे गाडीवाले हसतायत.

पद्मिनीचा_नातू
विषय थोडा वेगळा आहे, पण इथली जाणकार मंडळी बघून विचारतो. आजोबांची १९७३ ची फियाट, प्रेसिडेंट, बावधनला शेडमध्ये उभी आहे. इंजिन फिरतं. बाबा म्हणतात भंगारात दे. मला ती रस्त्यावर आणायचीय. खर्च आणि कागदपत्रांचं काय?

टाकीफुल्ल
भंगारात देऊ नका! जुलै २०२१ पासून केंद्राचा नियम आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, फारसे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

सुट्या भागांसाठी नाना पेठ पालथी घाला. तिथले जुने दुकानदार नुसता वॉशर हातात घेऊन मॉडेल सांगतात. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, दाराच्या मुठी आणि मीटर मिळून जातात. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, त्यामुळे तिकडचे काही मेकॅनिक अजून या इंजिनावर हात ठेवून आहेत.

चाकोरी
रंग बदलू नकोस रे बाबा. चकचकीत लाल रंग मारून आणि आत नवं स्टेअरिंग बसवून लोक आजोबांची गाडी नवरदेवाची करून टाकतात.

प्रभातरोडी
मी जरा वेगळं म्हणेन. पत्रा कुजला असेल तर रंग मारावाच लागतो, आणि नातवानं तिच्यात स्वतःचं काहीतरी घातलं तर काय बिघडलं? ब्रेक आणि दिवे आजच्या रहदारीला चांगले हवेतच. संग्रहालयात उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी मला जास्त आवडते.

पद्मिनीचा_नातू
रंग मूळचा फिकट हिरवाच ठेवणार. ब्रेक नवे. दोघांचं ऐकलं :)

जुनी_विहीर
जुन्या बाजाराचं निघालंय म्हणून. तिथे भांड्या-नटबोल्टांच्या शेजारी पथारीवर अख्खे अल्बम विकायला असतात. लग्नाचे, मुंजीचे. कुणाचे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घर रिकामं करताना कुणीतरी रद्दीत दिलेले. मागे एक नाव नाही, गाव नाही. मला तिथून पाय निघत नाही. मालक सापडावा असं वाटतं आणि शोधायला धागाच नसतो. कृपा करून फोटोमागे नाव लिहा. 'चि. बाळ' एवढं पुरत नाही, पुण्यात त्या काळी घरटी एक बाळ होता.

सुलभा_कर्वेरोड
लाखमोलाचं बोललात. आणि लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, कडेला, हात हलका ठेवून. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढून घ्या, तो गोंद फोटो खातो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. छोट्या फोटोंना ६०० डीपीआय तरी ठेवा. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आधी घ्या, ते लालसर पडत चाललेत. काळे-पांढरे त्या मानानं टिकतात.

ओंकारेश्वर_घाट
वाईहून फोन आला. पेटीत आमच्या घरचे फोटो आहेत. लग्नाचा नाही. पण आई-वडील आणि मांडीवर मी, असा एक आहे. मामेभावाचा मुलगा रविवारी घेऊन येतोय. मुळामुठा, तुमचे आभार कसे मानू?

मुळामुठा
काका, रविवारी इथे टाका, एवढंच. आणि मागे नाव-साल लिहूनच टाका!

अनुजा_शनिवार
काका, मला इतका आनंद झालाय की काय लिहू!

माझ्याकडचीही बातमी. पाकिटं सांगलीला मामेकाकांकडे होती. त्यांनी काल सगळी उघडून पाहिली. आजीच्या अक्षरातल्या एका पाकिटावर भारताच्या नकाशाचं तिकीट आहे, नये पैसे. शिक्क्यातलं साल पुसलंय, पण आतल्या पत्रात 'बाळला तिसरं सरून चौथं लागलं' असं लिहिलंय. बाबांचा जन्म नोव्हेंबर १९५४ चा. म्हणजे पत्र नोव्हेंबर १९५७ नंतर लवकरच लिहिलेलं, पुणे अजून मुंबई राज्यात असताना. मुळामुठांचा 'बी' इथे बरोबर बसला.

गाडी कुणाची तेही पत्रात आहे: 'डॉक्टरांनी नवी मोटार घेतली, बाळ खाली उतरायला तयार होईना, म्हणून त्यांनीच फोटो काढला.' पुढे सगळं लोणच्याबद्दल आहे.

आम्ही आता आजीच्या नणंदा आणि जावांच्या घरांची यादी केलीय: नागपूर, इंदूर, मिरज, बडोदा. प्रत्येक घरी एकेकानं फोन करायचा असं वाटून घेतलंय.

टाकीफुल्ल
१९५७-५८, नवी कोरी डुक्कर फियाट, डॉक्टरांची. झकास!

आकुर्डी_फाटा
अनुजाताईंचं सुटलं, आता माझं सोडवा. काकांचा फोटो, मागे 'पुणे–जेजुरी' एवढंच. स्कूटर लांबट आहे, दोन्ही बाजूंची झाकणं सारखी, इंजिन एका अंगाला फुगलेलं नाही. बजाज नक्की नाही, तेवढं मला घरातच कळतं.

चाकोरी
लॅम्ब्रेटा. इंजिन मधोमध असायचं, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. मुंबईत एपीआय नावाची कंपनी बनवायची. पाटीवर काय दिसतंय? मोठा करून टाका.